मूल झाकून, कागद उघडून : गावच्या शाळेची बातमी कशी करावी

समजा, संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. स्टीलच्या ताटलीत खिचडी, तिच्यात एक अळी, आणि खाली ओळ : 'आपल्या शाळेत पोरांना हे खाऊ घालतात.' जेवणं आटोपेपर्यंत तो फोटो चार ग्रुपांत फिरलेला असतो. आपण बोरगाव (मेघे) इथे राहता, गावच्या बातम्यांचं छोटं यूट्यूब चॅनल चालवता किंवा एखाद्या साप्ताहिकाला बातम्या देता. त्यामुळे आपल्यालाही निरोप येतो : 'लावा ना हे. उशीर कशाला?'

प्रसंग काल्पनिक आहे, गावातल्या कुठल्याही शाळेचा नाही. पण असा निरोप आज ना उद्या येतोच, आणि तो आल्यापासून बातमी होईपर्यंत कोणकोणत्या पायऱ्या चढायच्या हे आपल्याला सहसा कोणी शिकवलेलं नसतं. मोठ्या दैनिकाच्या वार्ताहरामागे निदान उपसंपादक बसलेला असतो. एकट्याने काम करणाऱ्याला ते कामही स्वतःच करावं लागतं.

आपल्याला नियम कोणाचे लागू, हे आधी पाहू. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने चालते. वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था तिच्या कक्षेत येतात. यूट्यूब, पोर्टल, व्हॉट्सॲप येत नाहीत. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आचारसंहिता आली, पण ती पाळण्याची सक्ती करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे व्यवसायाचा असा वचक आपल्यावर फारसा नाही. फौजदारी कायद्याचा मात्र पुरेपूर आहे, आणि त्यातला बराचसा मुलांसंबंधी आहे. प्रेस कौन्सिलची पत्रकारांसाठीची आचारसंहिता आपल्याला बंधनकारक नसली तरी वाचून ठेवावी. वाचताना कोरडी वाटते, कामाच्या वेळी आठवते.

गावपातळीवरच्या शाळेच्या बातम्यांना एक खोड असते. मुलाचा चेहरा पडदाभर दिसतो आणि पोत्यावरची तारीख, रिक्त पदाचा आकडा, बिलावरची सही कुठेच नसते. झाकायचं ते उघडं, उघडायचं ते झाकलेलं. पुढची प्रत्येक पायरी ही उलटापालट सरळ करण्यासाठी आहे.

पहिली पायरी अगदी साधी : शाळा कोणाची, हे ठरवणं. बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे) ही गावं आज वर्धा शहराला इतकी चिकटली आहेत की हद्द कुठे संपते ते रस्त्यावरून कळत नाही. कागदावर मात्र ती कळते. गावातली सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, आणि हद्द ओलांडून शहरात गेलात तर नगरपालिकेची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका समूहावर देखरेख ठेवणारे. त्यांच्या वर विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, आणि सगळ्यांत वर जिल्हा परिषदेतले प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी. खासगी अनुदानित शाळेत संस्था शिक्षक नेमते आणि पगार शासन देतं. विनाअनुदानित शाळेत दोन्ही संस्थेकडे.

इथेच पहिली चूक होते. शिक्षकाचं पद रिकामं राहिलं म्हणून सरपंचांना धारेवर धरलं जातं. ग्रामपंचायत शिक्षक नेमत नाही. शाळेच्या आवाराची भिंत, नळ, शौचालयाची दुरुस्ती याबद्दल तिला जरूर विचारावं. शिक्षकाबद्दल विचारायचं ते जिल्हा परिषदेला. चुकीच्या दारावर केलेली ओरड योग्य दारातल्या माणसाला आयतीच सुटका देते.

दुसरी पायरी घरातली आहे. गाव लहान असतं, नाती दाट असतात. आपलं मूल त्याच शाळेत आहे का? घरातलं कोणी तिथे शिकवतं का? आपण शिकवणी वर्ग चालवता का? शाळेच्या कुंपणाचं कंत्राट साडूकडे आहे का? यातलं काही असलं म्हणून बातमी करू नये असं नाही. बातमीत एका ओळीत तसं सांगून टाकावं, बस. मात्र आपण स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर त्या शाळेची बातमी दुसऱ्याकडे सोपवावी. ही समिती शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कारभारात सहभागी असलेल्याने त्याच कारभाराची झडती घेणं कोणाला पटत नाही, आणि पटूही नये.

आता फोटोकडे येऊ. तो कोणी काढला, केव्हा काढला, मूळ फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे? व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेल्या फोटोतून तारीख-वेळेची नोंद सहसा गळून गेलेली असते, त्यामुळे मूळ फोटो पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. गूगल लेन्ससारख्या साधनाने तोच फोटो आधी कुठे आलाय का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. खिचडीचे फोटो फार प्रवास करतात. गेल्या वर्षीचा, दुसऱ्या जिल्ह्यातला फोटो 'आपल्या शाळेत' म्हणून फिरणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आणि 'खात्री नाही, पण लावून ठेवतो' असं म्हणून लावलेली बातमी ही बातमीच असते. वाचणारा 'खात्री नाही' विसरतो आणि शाळेचं नाव लक्षात ठेवतो.

फोटो खरा निघाला, असं धरून चालू. सकाळी शाळेत जायचं. इथे सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून जरा थांबून बोलतो.

फाटकातून थेट कॅमेरा चालू करून वर्गात शिरू नये. शाळा सरकारी असली तरी तिथे मुलं असतात आणि त्यांची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते. आधी त्यांच्या खोलीत जावं, नाव सांगावं, काम सांगावं, चित्रीकरणाची परवानगी मागावी. त्यांनी नकार दिला तर तो नकार नोंदवून बाहेर यावं. फाटकाबाहेर पालक असतात, समितीचे सदस्य गावातच राहतात, त्यांच्याशी बोलता येतं. नकार दिला म्हणजे पाप लपवलं, असा अर्थ काढण्याची घाई नको. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि वरिष्ठांना विचारल्याशिवाय वृत्तपत्रांशी बोलायला ते बिचकतात. 'मुख्याध्यापकांनी बोलण्यास टाळाटाळ केली' हे वाक्य आपण किती सहज लिहितो! पुष्कळदा ती टाळाटाळ नसते, नोकरीची भीती असते.

मुलांशी बोलायचंच असेल तर पालकांना विचारून, पालक किंवा शिक्षक शेजारी असताना, आणि कॅमेरा बंद ठेवून. प्रश्न कसा विचारतो त्यावर उत्तर ठरतं. 'खिचडीत अळ्या होत्या ना?' असं विचारलं तर नऊ वर्षांचं पोर हो म्हणेल, कारण समोरच्या मोठ्या माणसाला हो हवंय हे त्याला कळतं. 'काल दुपारी काय जेवलास? कसं होतं?' एवढंच विचारावं आणि गप्प बसावं.

या ओघात एका प्रकाराबद्दल बोललं पाहिजे. वर्गात जायचं, एका मुलाला उभं करायचं, सतराचा पाढा म्हणायला लावायचं, तो अडखळला की 'बघा सरकारी शाळेची दुर्दशा' म्हणून व्हिडिओ सोडायचा. किंवा शिक्षिकेला फळ्यासमोर उभं करून राष्ट्रपतींचं नाव विचारायचं. असले व्हिडिओ खूप पाहिले जातात आणि त्यातून शाळेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एक मूल अडखळलं म्हणजे वर्ग अडखळला असं नाही. आणि ते मूल दहावीला गेलं तरी तो व्हिडिओ कोणाच्या तरी फोनमध्ये असणार आहे.

मुलांना वाचता येतं का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो मूल न दाखवता विचारता येतो. 'असर' हे सर्वेक्षण 'प्रथम' संस्था २००५ पासून हेच करते आहे. ग्रामीण भागात नमुन्यासाठी गावं निवडायची, गावातली घरं निवडायची, घरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला द्यायचा आणि फक्त नोंद घ्यायची. अहवालात कुठल्या मुलाचं नाव नसतं, शाळेचंही नसतं. उलट बाजूनेही हे ध्यानात ठेवावं : 'असर'चा आकडा नमुन्यावरून काढलेला असतो, तो उचलून बोरगावातल्या एका शाळेवर चिकटवता येत नाही.

आता कागद. खिचडीच्या बातमीत कागदच बोलका असतो, आणि तो वाचायला फार शिक्षण लागत नाही.

आपण ज्याला शालेय पोषण आहार म्हणतो ती केंद्राची योजना. २०२१ पर्यंत तिचं नाव मध्यान्ह भोजन होतं, आता पीएम पोषण. पहिली ते आठवीची मुलं, सरकारी आणि अनुदानित शाळा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. हे आकडे पाठ असावेत. मग साठा नोंदवही, म्हणजे किती धान्य आलं, किती शिजलं, किती उरलं याची वही, हातात आली की गणित करता येतं. समजा, नोंदवहीत पाचवीपर्यंतची ८० मुलं जेवली असं लिहिलंय, तर आठ किलो तांदूळ शिजायला हवा. चार किलोच खर्ची पडला असेल तर निम्मीच मुलं जेवली, किंवा सगळी अर्धपोटी जेवली. दोन्ही बातम्या अळीपेक्षा मोठ्या आहेत.

दुसरी वही चवीची. २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलांना वाढण्याआधी समितीच्या सदस्यांनी जेवण चाखून पाहायचं असतं, आणि त्यांत किमान एक शिक्षक असावा लागतो. त्या दिवशीच्या रकान्यात कोणाची सही आहे? महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत असतील तर ते डोळ्यांना दिसतंच. पण बातमीत 'सह्या बनावट' असं लिहू नये. जे दिसलं तेवढंच लिहावं आणि सही ज्याची आहे त्याला विचारावं.

आणि तिसरी गोष्ट पोतं. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून निघतो, पुरवठादारामार्फत शाळेत येतो, मग शाळेच्या खोलीत राहतो. कीड या तीन ठिकाणांपैकी कुठे लागली? पोतं केव्हा आलं, किती दिवस पडून होतं, येतानाच खराब होतं तर मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार केली होती का? की अळी भाजीतून आली? हे न विचारता बातमी लिहिली की तिचा सगळा भार एका माणसावर येतो : स्वयंपाकी-मदतनीस बाईंवर. त्यांचं महिन्याचं मानधन २०२३ मध्ये वाढून २५०० रुपये झालं, तेही वेळेवर मिळण्याची खात्री नाही. चुलीपुढे बसलेली बाई कॅमेऱ्याला सहज सापडते, पुरवठादार सापडत नाही. एवढ्यासाठीच तिच्या चेहऱ्यावर बातमी उभी करू नये.

शाळेतल्या वह्या आपल्याला कोणी आपणहून दाखवतीलच असं नाही. मग माहितीचा अधिकार. हा २००५ चा कायदा आपल्या परिचयाचा असेल, तरी अर्ज का फसतो तेवढं सांगतो. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लिहावा लागतो. लोक एकाच कागदावर तांदूळ, बांधकाम, शिक्षकांच्या रजा आणि मुख्याध्यापकांची पदवी असं सगळं मागतात आणि अर्ज परत येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. 'का', 'कसे' असं विचारू नये. कागद मागावा : 'अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या साठा नोंदवहीच्या छायाप्रती.' अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, आणि तिथेही नाही भागलं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ.

त्याआधी एक सोपी वाट आहे. २०१८ च्या शासन आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जिल्हा परिषद आपल्याला हाकेच्या अंतरावर आहे. पुष्कळ वेळा अर्ज न करताच काम होतं.

मागतानाही एक पथ्य. मुलांची नावं, जात, पत्ता, आधार क्रमांक असलेली यादी मागू नये, आणि चुकून हाती आली तर छापू नये. संख्या मागावी, नावं नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम आणखी कडक केलं आहे. कोणत्याही कागदाला 'वैयक्तिक' म्हणून नकार देणं आता अधिकाऱ्यांना सोपं जाणार, ही पत्रकारांची तक्रार रास्त आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) मात्र अजून शाबूत आहे. अपिलात त्याचा उल्लेख करावा.

कागदांचा विषय निघालाच आहे तर पटाबद्दलही बोलू, कारण शाळेच्या निम्म्या बातम्या पटाभोवती फिरतात. पट म्हणजे नोंदवलेली मुलं, उपस्थिती म्हणजे त्या दिवशी आलेली. दोन्ही वेगळी. पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. पटावर नोकऱ्या आणि अनुदान अवलंबून असलं की पट फुगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये ३, ४ आणि ५ तारखेला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा मोठ्या संख्येने न दिसणारी मुलं कागदावर सापडली होती. पण याच्याच उलट चूक आपल्या हातून होते. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या आठवड्यात जाऊन रिकामे बाक मोजायचे आणि 'पट ६०, हजर २२, बोगस पटाचा संशय' असं लिहायचं, हे बरोबर नाही. वेगवेगळ्या महिन्यांत, ऑगस्टमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, हजेरीपट पाहून लिहावं.

तसंच शिक्षक 'जागेवर नव्हते' या बातमीचं. शिक्षण हक्क कायदा शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्या शाळाबाह्य कामांवर पाठवू देतो. ते मतदारयाद्यांच्या कामावर असतील, प्रशिक्षणाला असतील. हालचाल नोंदवहीत ते लिहिलेलं असतं. ती पाहिल्याशिवाय रिकाम्या खुर्चीचा फोटो लावू नये. वहीत काहीच नसेल तर मग खुशाल लावावा.

दहावीच्या निकालाबद्दल एकच वाक्य : 'शंभर टक्के निकाल' लिहिताना किती मुलं बसली होती ते शेजारी लिहावं, कारण सातपैकी सात आणि दोनशेपैकी दोनशे यांत फरक आहे.

हातात कागद आले, आता दुसरी बाजू. रात्री साडेनऊला एक फोन करायचा, उचलला नाही की 'संपर्क होऊ शकला नाही' लिहून मोकळं व्हायचं, याला बाजू घेणं म्हणत नाहीत. प्रश्न लिहून पाठवावेत, उत्तरासाठी निदान कामकाजाचे दोन दिवस द्यावेत, आणि वर सांगितलेल्या साखळीतल्या प्रत्येकाला ज्याचा त्याचा प्रश्न विचारावा. मुलांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर थांबायचं कारण नाही. पण मग आधी फोन अधिकाऱ्याला, बातमी नंतर. उत्तर आलं की ते त्याच बातमीत, वरच्या भागात. शेवटच्या ओळीत नाही.

वर्ध्याला याचा एक चांगला दाखला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती, पुढे नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याची योजना, उभी राहिली. त्याआधी काही महिने गांधीजी आपली ही कल्पना 'हरिजन' साप्ताहिकातून मांडत होते आणि तिच्यावरचे आक्षेपही तिथेच छापून त्यांना उत्तरं देत होते. शाळेने आपला खर्च मुलांच्या कामातून भागवावा, या मुद्द्याला प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच विरोध केला होता. योजनेचा जनक, पत्राचा संस्थापक आणि परिषदेचा अध्यक्ष एकच माणूस असताना आक्षेपांना ही जागा मिळाली. आपलं चॅनल त्या मानाने फारच लहान आहे, तेव्हा जागा नव्हती असं म्हणायची सोय नाही.

आता मूल झाकणं. ही पायरी निव्वळ सौजन्याची नाही, कायद्याची आहे.

लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पोक्सो, म्हणजे २०१२ चा बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, कलम २३ मध्ये स्पष्ट सांगतो की मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी देऊ नये. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ याहून व्यापक आहे : गुन्ह्यात अडकलेलं मूल, पीडित मूल, साक्षीदार मूल, यांतल्या कोणाचीही ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नाव गाळलं, चेहरा धूसर केला, म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. गावात ते पुरत नाही. 'सातवीतली मुलगी, वडील रिक्षा चालवतात, आर्वी रस्त्याकडे राहतात' एवढ्यावर अख्खं गाव दोन मिनिटांत घर शोधून काढतं. गणवेशाचा रंग, दप्तर, मागची भिंत, आईचा आवाज, यातलं काहीही पुरे होतं. मोठ्या शहरातल्या वाचकाला जी खूण काहीच सांगत नाही, ती शेजाऱ्याला सगळं सांगते. म्हणून लिहून झाल्यावर बातमी त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचावी. ओळखू येतंय का? येत असेल तर तो तपशील काढावा, बातमी लंगडी झाली तरी चालेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यभर संताप उसळला. अशा वेळी आरोपीवरच्या रागाच्या भरात मुलींच्या घराची माहिती फिरवणारेही स्वतःला त्यांचे कैवारीच समजतात. आपल्या ग्रुपवर असं काही आलं तर ते काढणं हे ग्रुप चालवणाऱ्याचं, म्हणजे आपलंच काम. अशा बातमीत आपण विचारू शकतो ते वेगळंच आहे : राज्य शासनाने २०२२ मध्ये सांगितलेली 'सखी सावित्री' समिती या शाळेत आहे का, तिच्या बैठका झाल्या का, इतिवृत्त, म्हणजे बैठकीचा लेखी वृत्तांत, कुठे आहे? तक्रार आल्यावर पोलिसांना किती वेळाने कळवलं? हे सगळं मुलाला न शिवता लिहिता येतं.

निकालाच्या दिवसांतल्या आत्महत्येबद्दलही असंच. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये यासाठी सूचना स्वीकारल्या : मथळा भडक नको, पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, चिठ्ठीतला मजकूर नको, एकच कारण देऊन मोकळं होऊ नये. 'गणितात नापास झाल्याने' हा शब्दप्रयोग नापास झालेल्या बाकीच्या मुलांच्याही हातात पडतो, हे कायम मनात असावं. टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक बातमीखाली द्यावा.

विषबाधेच्या बातमीत रुग्णालयातल्या खाटांवरची मुलं दाखवण्याचा मोह होतो. खाटा मोजाव्या, डॉक्टरांना विचारावं, अन्नाचे नमुने तपासणीला गेले का ते विचारावं. चेहरे नकोत.

पैशाबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही, म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात प्रवेशाचा हंगाम येतो आणि शाळा-संस्था जाहिराती देतात. छोट्या चॅनलची वर्षभराची कमाई त्यावरच असते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जाहिरात ही जाहिरात म्हणूनच दिसली पाहिजे, एवढंच. बातमीच्या वेषातली जाहिरात ओळखू येते. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. आणि ज्या शाळेची चौकशी चालू आहे तिच्याकडे त्या काळात जाहिरात मागू नये, तिने देऊ केली तरी घेऊ नये. 'बातमी थांबवायची असेल तर...' असं बोलणारे लोक या धंद्यात आहेत, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. आपण माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की त्यांच्या मनात पहिला संशय तोच येतो. तो फिटायला वेळ लागतो.

धोकाही सांगितला पाहिजे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये पवन जायसवाल या स्थानिक पत्रकाराने प्राथमिक शाळेतली मुलं पोळीबरोबर नुसतं मीठ खातायत हे दाखवलं. सरकारची बदनामी करण्याचा कट म्हणून गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला. वृत्तपत्राचा माणूस असून व्हिडिओ का काढला, असा सवाल जिल्हाधिकाऱ्यांनी केला. प्रेस कौन्सिलने स्वतःहून दखल घेतली आणि पुढे त्याचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं. त्याने जे दाखवलं ते खरं होतं, हेच शेवटी कामी आलं. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. बदनामीचा दावा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होऊ शकतो. जनहितासाठी केलेलं सत्य विधान हा त्याला पहिला अपवाद आहे. म्हणून मूळ फोटो, नोंदवहीच्या प्रती, पाठवलेले प्रश्न, आलेली उत्तरं, कोणाशी केव्हा बोललो त्याची वही, हे सगळं बातमी लागल्यावरही निदान तीन वर्षं जपून ठेवावं.

चूक निघाली तर? व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी हटवा' दाबून ती जात नाही. ती पुढे गेलेली असते. ज्या ग्रुपांवर बातमी टाकली त्या सगळ्यांवर दुरुस्ती टाकावी, काय चुकलं होतं आणि बरोबर काय आहे ते सरळ लिहून. व्हिडिओ असेल तर शीर्षकात 'दुरुस्त' असं घालावं. शिक्षकाचं नाव चुकून आलं असेल तर त्यांना आधी फोन करावा, मग दुरुस्ती लावावी.

आणि महिन्याभराने पुन्हा जावं. बहुतेक बातम्या पहिल्या दिवशीच संपतात, म्हणून अधिकाऱ्यांनाही सवय झाली आहे : आठवडाभर दम धरला की विषय मिटतो. समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात धान्याचा विषय आला का, नवं पोतं आलं का, कारणे दाखवा नोटीस निघाली का, आणि निघाली असेल तर कोणाच्या नावाने, हे विचारावं. स्वयंपाकी बाईंना कामावरून कमी केलं असेल, तर पुरवठादाराच्या बिलाचं काय झालं, तो कागदही मागावा.